आईंच्या खोलीतला हीटर काढून गरम-थंड एसी बसवला

दिवाळीनंतर आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीतला जुना ऑइल हीटर काढला आणि तिथे गरम-थंड इन्व्हर्टर एसी बसवून घेतला. दीड टनी, ३ स्टार, आर-३२ गॅसचा. सगळी थंडी त्याच्यावर काढली, जानेवारीतलं धुकं काढलं, बिलंही हातात आली, म्हणून आता लिहिते. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर नुसता थंड करणारा घेऊ नका, गरम-थंडच घ्या. मात्र यंत्र निवडण्याइतकंच ते कुठे आणि कसं बसवलंय हे महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फाळके बाजाराच्या मागच्या बाजूला. जुनं दगडी बांधकाम आहे. भिंती दोन-दोन फुटांच्या, वर दगडी पट्ट्यांचं छत, खोलीची उंची तेरा फूट आणि छताजवळ दोन रोशनदानं, म्हणजे उजेड-हवेचे झरोके. मे महिन्यात या भिंती उपकार करतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दगड एकदा गार पडला की संक्रांत होईपर्यंत ऊब धरत नाही. बाहेर किमान तापमान चार-पाच अंशांवर येतं, एखाद्या वर्षी दोन-तीनवर. दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, आणि घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे पटत नाही. त्यांच्या डोक्यात मध्य प्रदेश म्हणजे सगळा भोपाळ-इंदूरसारखा.

आईंचं वय ८६. दमा आहे, गुडघे दुखतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलंय, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी यांच्यासाठी त्याहून जास्त लागू शकतं. आईंच्या खोलीत पलंगाजवळ थर्मामीटर टांगला होता. पहाटे हीटर चालू असूनही तो १६-१७ च्या वर जात नव्हता. हीटर नसेल तर ११.

या खोलीत आधी काय काय होऊन गेलं तेही सांगते, कारण ग्वाल्हेरात अजून बऱ्याच घरांत तेच चालू आहे. आईंच्या तरुणपणी कोळशाची सिगडी. मग लाल होणाऱ्या सळ्यांचा रॉड हीटर, मग ब्लोअर, मग ऑइल हीटर. सिगडीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बंद खोलीत सिगडी ठेवून कधीही झोपू नका. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटीनं चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. दर हिवाळ्यात आपल्या भागातून अशा बातम्या येतात. वर्गात हे शिकवताना मी मुलींना घरी जाऊन आजीला सांगायला लावायची.

विजेचे हीटर त्या दृष्टीनं सुरक्षित. ‘हीटर ऑक्सिजन खातो’ असं लोक म्हणतात ते खरं नाही; त्यात काही जळतच नाही. पण एका बाबतीत रॉड, ब्लोअर आणि ऑइल हीटर तिघेही सारखेच. एक युनिट वीज घेतली की ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते, कमी नाही आणि जास्तही नाही. अकरा पंखांचा ऑइल हीटर घेतला म्हणून वीज वाचत नाही. तो गरम व्हायला वेळ लावतो, बंद केल्यावर थोडा वेळ ऊब देत राहतो, हवा कोरडी झोंबत नाही, एवढाच फरक. दुकानात ‘कम बिजली में ज़्यादा गर्मी’ असं सांगून महागडा हीटर विकतात, त्याला भुलू नका.

आणखी एक अडचण आमच्या गल्लीतली. थंडीत संध्याकाळी घराघरांत हीटर आणि गीझर सुरू झाले की व्होल्टेज पडतं. मी मल्टीमीटर लावून पाहिलंय, १८५ च्या आसपास येतं. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे २३० च्या जागी ८० टक्के व्होल्टेज आलं, की उष्णता ६४ टक्के. दोन हजार वॉटचा हीटर तेव्हा तेराशे वॉटसुद्धा देत नाही. ज्या वेळी सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वेळी तो कमी पडतो. आई म्हणायच्या, ‘हा हीटर संध्याकाळी दमतो.’ त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

गरम-थंड एसीचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची उष्णता आत आणतो. फ्रिजच्या मागे हात लावला की जी ऊब लागते, ती आतल्या भाजीपाल्यातून काढलेली असते. इथे तेच, फक्त फ्रिजच्या आतल्या भागाच्या जागी ग्वाल्हेरची रात्र. बाहेर पाच अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. शून्याखाली असलेला गॅस ती शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि तो आतल्या युनिटमध्ये येऊन ती सोडतो. उन्हाळ्यात हाच प्रवास उलटा होतो. ही दिशा बदलण्यासाठी आत एक फोर-वे वाल्व्ह असतो. नुसत्या थंड करणाऱ्या एसीत तो नसतो आणि नंतर बसवूनही घेता येत नाही. वीज फक्त उष्णता उचलून आणण्यात खर्च होते, त्यामुळे एका युनिटला अडीच-तीन युनिटांइतकी ऊब मिळते.

आता खरेदीविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे थांबलो होतो ते बरं झालं. सगळं मिळून ४८ हजारांच्या आत यंत्र आलं, बसवणावळ वेगळी. तसाच नुसता थंड करणारा साडेसहा हजारांनी स्वस्त होता. डायकिन, ब्लू स्टार, लॉइड अशा कंपन्यांची गरम-थंड मॉडेल्स येतात, पण आपल्याकडे दुकानांत ती मांडलेली क्वचितच दिसतात, मागवावी लागतात. मी घेतला त्या कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जातीच्या यंत्राबद्दल आहे.

पहिल्या दुकानात मला सरळ सांगितलं की पाच स्टारवाला घ्या, गरमसुद्धा उत्तम करेल. पण स्टारचा गरम करण्याशी संबंध नाही. लेबलवरचे स्टार ज्या आकड्यावरून ठरतात तो आयएसईईआर, म्हणजे हंगामभर खाल्लेल्या विजेच्या मानानं खोली किती थंड केली याचं गुणोत्तर. त्यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास धरून फक्त थंड करण्याचा हिशेब असतो. हिवाळा त्यात येतच नाही. म्हणून माहितीपत्रक मागा, आणि त्यात ‘हीटिंग कपॅसिटी’ व ‘हीटिंग पॉवर इनपुट’ हे दोन आकडे शोधा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. माझ्या यंत्राचं उत्तर साडेतीनच्या थोडं वर येतं. हा आकडा बाहेर ७ अंश आणि आत २० अंश असताना मोजलेला असतो, त्यामुळे आपल्या धुक्याच्या रात्री तो खाली येणार हे धरूनच चालायचं. बाहेर किती अंशांपर्यंत चालतो तेही पाहा. माझा उणे सातपर्यंत चालतो. ग्वाल्हेरला ते भरपूर झालं.

पहिल्या दुकानाचा माणूस बसवायचं बोलत होता तेव्हा व्हॅक्यूम करणार का, म्हणजे पाइपातली हवा पंपानं ओढून काढणार का, असं विचारलं. ‘उसकी ज़रूरत नहीं आंटीजी, थोड़ी गैस छोड़ के हवा निकाल देंगे.’ तिथेच ठरवलं की इथे घ्यायचं नाही. पाइपात हवा आणि ओल राहिली की यंत्राचं आयुष्य कमी होतं, आणि आर-३२ थोडा का होईना ज्वलनशील आहे, तो असा सोडायचा नसतो. दुसऱ्या दुकानानं पाठवलेला फिटर तिशीतला मुलगा होता आणि त्याचं काम बघत राहावं असं होतं. आधी दोन सूत आणि चार सूत (पाव आणि अर्धा इंच) असे दोन्ही तांब्याचे पाइप त्यानं मोजून कापले, कापलेल्या तोंडावरची कीस आतून खरवडली, आणि पाइप खाली झुकवून धरला म्हणजे कीस आत पडणार नाही. मग फ्लेअर काढला, म्हणजे पाइपाचं तोंड नटात बसेल असं पसरट केलं, आणि त्याची कड बोट फिरवून तपासली. एक मनासारखा आला नाही तर तेवढं टोक कापून पुन्हा केला. नट आवळायला टॉर्क पाना. नंतर व्हॅक्यूम पंप लावला, पंप बंद करून गेजचा काटा जागचा हलतो का हे चहा होईपर्यंत बघत बसला. काटा हलला नाही, तेव्हाच गॅसचा वाल्व्ह उघडला. त्याला पाचशे रुपये वेगळे दिले आणि ते कमीच होते असं मला वाटतं.

जागेबद्दल मात्र त्याच्याशी थोडी चर्चा करावी लागली. आतलं युनिट तो सवयीप्रमाणे दहा फुटांवर लावणार होता. थंड करण्यासाठी ते ठीक, गार हवा आपोआप खाली येते. गरम हवा वर जाते. तेरा फुटी खोलीत युनिट दहा फुटांवर असतं, तर ऊब छताशी साठली असती, युनिटमधल्या सेन्सरला खोली तापली असं वाटलं असतं, आणि पलंगावर आई कुडकुडत राहिल्या असत्या. आम्ही ते साडेसात फुटांवर घेतलं, पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर, म्हणजे झोत पायांकडे जाईल, तोंडावर येणार नाही. पट्ट्या पूर्ण खाली वळवून ठेवायच्या. छताचा पंखा एकवर, अगदी हळू, चालू ठेवला की वर जमलेली ऊब खाली उतरते. रिमोटमध्येच सेन्सर असण्याची सोय माझ्या मॉडेलमध्ये आहे. तो रिमोट आईंच्या उशाशी ठेवतो आणि यंत्र तिथलं तापमान धरून चालतं. ही सोय असलेलंच मॉडेल घ्या.

बाहेरचं युनिट चौकात ठेवायचं नाही, हे माझं आधीच पक्कं होतं. हिवाळ्यात ते थंड हवा फेकतं. चारी बाजूंनी भिंती असलेल्या चौकात तीच थंड हवा पुन्हा ओढून घेईल. ते गच्चीवर दक्षिणेकडच्या भिंतीला लावलं. थंडीत ऊन मिळतं, आणि उन्हाळ्यासाठी वर पत्र्याची छोटी पडवी काढून घेतली. पाइप थोडा लांबला, त्याचे मीटरप्रमाणे वेगळे पैसे पडले.

रोशनदानं कायमची बुजवली नाहीत. अॅक्रिलिकची पारदर्शक पाटी स्क्रूनं बसवली, एप्रिलमध्ये काढता येईल अशी. दाराच्या खालच्या फटीला जुन्या रजईच्या कापसाची लांब गुंडाळी शिवून टाकली, दाराला जाड पडदा. या कामाला पंधराशे रुपयेही लागले नाहीत, आणि माझ्या मते एसीपाठोपाठ सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला. फक्त सकाळी ऊन आलं की अर्धा तास खिडकी उघडायची. एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, ती आपणच द्यायला हवी.

चालवण्याची पद्धत हीटरपेक्षा वेगळी आहे आणि घरातल्या सगळ्यांना ती समजावून द्यावी लागते. हीटर आपण थंडी वाजली की लावतो. इथे दुपारी चारलाच, दगड अजून थोडा कोमट असताना, २० अंशांवर सुरू करायचा आणि पहाटेपर्यंत बंद करायचा नाही. पहिल्या तासात जोर लावतो, मग अगदी हळू चालत राहतो, आणि हळू चालताना त्याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते. आमचे हे घरी आल्या आल्या रिमोटवर ३० करायचे. त्यानं खोली लवकर तापत नाही, नंतर विनाकारण जास्त तापते. सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं पंखा फिरत नाही, तेही बरोबर आहे. आतली कॉइल तापेपर्यंत तो थांबतो, नाहीतर गार हवा अंगावर आली असती.

धुक्याच्या रात्री काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण तेव्हाच लोक घाबरून तक्रार नोंदवतात. बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असते. बाहेर चार-पाच अंश असले तर ती शून्याखाली जाते आणि धुक्यातली ओल तिच्यावर पांढरं कवच धरते. त्यामुळे कोरड्या, कडाक्याच्या थंडीपेक्षा आपली ओलसर चार अंशांची रात्र त्याला जड जाते. कवच जमलं की यंत्र स्वतःच थोडा वेळ उलटं चालतं. आतला पंखा थांबतो, वाल्व्ह बदलल्याचा फुस्स आवाज येतो, आणि गच्चीवर बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट निघतात. समोरच्या घरातल्या काकूंनी पहाटे फोन केला, ‘अहो, तुमच्या गच्चीवर धूर दिसतोय!’ धूर नव्हता, वितळलेल्या बर्फाची वाफ. खाली पाणीही बरंच पडतं, त्याला नळी लावून मोरीकडे काढा, नाहीतर गच्चीची भिंत ओलावते. हे पाच-दहा मिनिटं चालतं, दाट धुक्यात रात्रीतून अनेकदा. दगडी भिंती तोवर तापलेल्या असल्यामुळे खोलीचं तापमान एखाद्या अंशानंही उतरत नाही.

आता आकडे. ऑइल हीटरच्या दिवसांत संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत मीटर साधारण १४ युनिट फिरायचं, आणि थर्मामीटर १६-१७. एसीला चारपासून सहापर्यंत साडेपाच ते सहा युनिट लागतात, दाट धुक्यात सात, आणि पलंगाजवळ २० अंश. वरच्या टप्प्यातला दर सगळे आकार धरून सात रुपयांच्या जवळ जातो, म्हणजे रात्रीचे पन्नास-पंचावन्न रुपये वाचले. खरी थंडी आपल्याकडे दोन महिने, म्हणजे हंगामाला तीन हजार रुपयांच्या आसपास. गरम-थंडसाठी दिलेले वरचे साडेसहा हजार दोन-सव्वादोन हिवाळ्यांत निघतात. पण कुणी फक्त हिवाळ्यासाठी ४८ हजार घालून हीटर बदलणार असेल, तर हा हिशेब बसत नाही. पंधरा वर्षं लागतील. आम्हाला उन्हाळ्यात ४५-४६ अंशांत त्या खोलीला एसी लागणारच होता, म्हणून हे शहाणपणाचं ठरलं.

छोट्या घरांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्यांना पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, ती सवलत एसी काय किंवा हीटर काय, दोघांनीही सुटते. पण हीटर रोज १४ युनिटं घेत असेल तर ती आधीच सुटलेली असणार.

उणिवाही आहेत. ऑइल हीटरजवळ बसून हात शेकता येतात, कपडे वाळत घालता येतात (घालू नयेत, पण घालतात). इथे शेकायला काही नाही. आईंना पहिले काही दिवस तेच चुकल्यासारखं वाटलं. ‘ऊब आहे, पण कुठून येते ते दिसत नाही,’ असं म्हणायच्या. हवा कोरडी होते, त्यामुळे रात्री त्यांचा घसा सुकायचा. उघड्या तोंडाच्या परातीत पाणी भरून ठेवलं, तेव्हा बरं वाटलं. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावाच लागतो, कारण थंडीत खोली बंद आणि रजयांचा कापूस सगळीकडे. आणि वीज गेली की घरच्या इन्व्हर्टर-बॅटरीवर हा चालत नाही. तसा हीटरही चालत नव्हता, त्यामुळे गरम पाण्याच्या पिशव्या आजही हाताशी ठेवतो.

दम्याबद्दल मी वैद्यकीय दावा करणार नाही. एवढंच सांगते की या जानेवारीत आई पहाटे उठून बसत नव्हत्या, आणि स्वेटरवर शाल, शालीवर रजई हा थर एका रजईवर आला. सकाळी गुडघे लवकर मोकळे होतात असं त्या स्वतः सांगतात.

बैठकीच्या खोलीतही असाच बसवावा असं ह्यांचं म्हणणं आहे. मी नको म्हटलंय. ती खोली चौकाकडे पूर्ण उघडी आहे, दोन दारं, मध्ये जाळी. तिथे कितीही टनाचा लावला तरी ऊब बाहेर जाईल. तिथे आधी काचेची दारं होतील, ती पुढच्या दिवाळीपर्यंत, आणि मग त्याच फिटरला बोलावून माप घेऊ.